पहिला जबाब कोणाचा?

खाकी उतरवून बराच काळ लोटला, तरी ती घटना माझ्या मनातून गेलेली नाही. आणि खरं सांगायचं तर ती जावी असं मला वाटतही नाही. तेव्हा मी गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याच्या बाजूच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. इथे मी कोणाचंच नाव घेणार नाही. ज्यांची घ्यावीशी वाटतात त्या बायांना त्याच गावात राहायचं आहे, आणि ज्याचं सांगायला हवं असं वाचकांना वाटेल त्याला प्रसिद्धी देण्याची माझी इच्छा नाही.

मी मूळचा सोलापूरकडचा. गडचिरोलीत बदली झाली म्हटल्यावर घरी सुतक आल्यासारखं झालं होतं. जंगल, गोळीबार, सुरुंग, हेच सगळ्यांच्या डोक्यात. प्रत्यक्षात माझ्या ठाण्याच्या हद्दीत मी जितके मृतदेह उचलले त्यातले बरेचसे रस्त्यावरच्या अपघातांतले होते. रोवणीच्या दिवसांत तर रोज सकाळी भीती वाटायची. रोवणी म्हणजे धानाची रोपं, तिकडे त्यांना पऱ्हे म्हणतात, ती उपटून चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, लावायची. हे काम बायाच करतात. दिवस थोडे, पाऊस लहरी आणि प्रत्येक शेतकऱ्याला आजच बाया हव्यात. मग एखादा ठेकेदार पुढे येतो, गावोगावच्या रोवण्यांचा ठेका घेतो आणि बायांची टोळी पिकअपमध्ये कोंबून या गावाहून त्या गावाला नेतो. बकऱ्या नेताना माणूस जास्त काळजी घेतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

तशीच एक पिकअप एका संध्याकाळी नाल्याच्या उतारावर उलटली.

वर्दी मिळाली तेव्हा मी ठाण्यातच होतो. हवालदाराला घेऊन निघालो. हा हवालदार त्याच तालुक्यातला, सगळ्यांना भाऊ म्हणणारा आणि सगळे ज्याला भाऊ म्हणतात असा माणूस. आम्ही पोहोचलो तोवर गावकऱ्यांनी जखमी बायांना ट्रॅक्टरवर घालून ग्रामीण रुग्णालयात हलवलं होतं. एक बाई जागीच गेली होती. तिच्या पायांवर बांधीतला चिखल तसाच होता आणि कमरेला खोचलेला पदरही सुटलेला नव्हता. आम्ही पंचनामा केला, गाडी परिवहन विभागाच्या तपासणीसाठी ताब्यात घेतली आणि गाडी चालवणाऱ्याला अटक केली. तोही त्या बायांच्याच गावचा होता आणि त्याची बायको त्याच गाडीत होती. तिचा हात मोडला होता.

गाडीचे ब्रेक निकामी होते. आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी झालेले नव्हे, बऱ्याच दिवसांपासून तसेच असलेले. तपासणी करणाऱ्या निरीक्षकाने मला चाकापाशी बसवून ते दाखवलं.

आता साधा प्रश्न होता. ही गाडी पाठवली कोणी? कोणाच्या सांगण्यावरून या बाया तिच्यात बसल्या? मी रुग्णालयात जाऊन विचारलं. पहिल्या खाटेवरची बाई म्हणाली, "आमी रस्त्यावर हात दाखवला, त्यानं गाडी थांबवली." दुसऱ्या खाटेवर तेच, तिसऱ्या खाटेवर तेच. चालकाला कोठडीतून काढून विचारलं, तर तोही म्हणाला, "बायाइनं हात दाखवला साहेब, मले दया आली."

पोलिसात काही वर्षं काढली की एक गोष्ट कळते. खरं बोलणारी माणसं एकमेकांशी कधीच पूर्ण जुळत नाहीत. एकाला गाडी पांढरी दिसते, दुसऱ्याला राखाडी. जिथे सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य शब्दाला शब्द येतं, तिथे ते वाक्य कोणीतरी आणून ठेवलेलं असतं. आणि एवढ्या बाया एकदम रस्त्यावर उभ्या राहून कशाला हात दाखवतील? जत्रेला चालल्या होत्या का?

दुसऱ्या दिवशी मयत बाईची सासू ठाण्यात आली. म्हातारी बाई, ताठ. पूर्वी गावातली रोवणीची टोळी तीच चालवायची, गुडघे गेले तेव्हापासून सून जायला लागली. मी खुर्ची दिली तर ती बसली नाही.

"तुमी काय लिहून राह्यले साहेब?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, अपघात, निष्काळजीपणाने गाडी चालवून मृत्यूस कारणीभूत.

"थे नाई. माही सून त्या गाडीत काऊन होती, ते काय लिहिलं?"

कागदावर जे होतं ते तिला सांगण्याची मला लाज वाटली. पण तिला ते आधीच कळलेलं होतं.

"फुकटात गाडीत बसाले माही सून भिकारीन नव्हती," ती म्हणाली. "कामावर गेल्ती, कामावर मेली. तेवढं लिहा. मले दुसरं काई नाई पाह्यजे."

या प्रकरणात पणाला काय लागलं होतं, ते त्या म्हातारीने एका वाक्यात सांगितलं. ती बाई कामावर मेली असं ठरलं, तर तिला कामावर नेणारा कोणीतरी होता आणि त्याची काही जबाबदारी होती. ठरलं नाही, तर ती नुसती एक वाटसरू, आणि तालुक्यातली प्रत्येक रोवणारी बाई उद्यापासून वाटसरूच. मी तिला म्हणालो, "आजी, मी लिहितो, पण मला कोणीतरी सांगायला हवं." ती निघून गेली.

त्या गावच्या रोवण्यांचा ठेका कोणाकडे असतो ते तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या ठेकेदाराला मी चौकशीला बोलावलं. कडक इस्त्रीचे कपडे, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, बोलण्यात साखर. त्याचं म्हणणं असं की त्याचा या बायांशी संबंधच नाही. तो फक्त शेतकऱ्याची आणि मजुराची गाठ घालून देतो, समाजसेवा म्हणून. गाडी त्याच्या मेहुण्याच्या नावावर, चालक मेहुण्याचा, बाया कोण ते त्याला ठाऊक नाही. "मी तं त्याइले तोंडानंबी वळखत नाई साहेब," असं म्हणून त्याने हात वर केले. तो उठून गेला आणि लगेच एका पुढाऱ्याचा फोन आला, की अपघात आहे तर अपघातच राहू द्या. मी म्हणालो, तपास चालू आहे. पोलिसाजवळ हे एक वाक्य फार उपयोगाचं असतं.

खबर मिळाली ती आठवडी बाजारात. बंदोबस्तावर फिरताना मटण विकणारा एक जण मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात हवालदाराला म्हणाला, "भाऊ, मागल्या साली बोजारा कोनं देल्ला होता, ते इचारा ना. बोकड माह्याच दुकानातून गेल्ता." एवढं बोलून तो पुन्हा सुरी चालवायला लागला.

मला बोजारा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. हवालदाराने गाडीत बसल्यावर सांगितलं. शेवटची बांधी लावून झाली की बाया मालकाला धरतात, त्याच्या तोंडाला, कपड्यांना चिखल फासतात आणि बोजारा मागतात. म्हणजे जेवण, मेजवानी. मालकाने रागवायचं नसतं. चिखल लावून घ्यायचा, हसायचं आणि सगळ्या टोळीला जेवू घालायचं.

"आणि मालक नसलेल्या माणसाने दिला तर?" मी विचारलं.

हवालदार हसायला लागला. "दुसऱ्याच्या रोवणीचा बोजारा कोन देते साहेब? दुसऱ्याच्या लग्नात कोनी बाशिंग बांधते का?"

आमच्या नशिबाने ठेकेदाराला मिरवायची हौस होती. गेल्या वर्षीच्या बोजाऱ्याचा व्हिडिओ त्याने स्वतःच गावभर पाठवला होता आणि तो अजून कितीतरी लोकांच्या मोबाइलमध्ये होता. पांढऱ्या कपड्यांवर चिखल, गळ्यात पानांची माळ, भोवती बाया नाचताहेत आणि हा मधोमध हात वर करून. मागून कोणीतरी ओरडतंय, "मालक, बोकड दोन पाह्यजेत!" आणि हा ओरडतोय, "माह्या बायाइले काई कमी पडू देनार नाई!"

त्या बायांमध्ये मयत झालेली सूनही होती. त्याच्या गालाला चिखल तिनेच लावलेला दिसत होता. ज्यांना हा तोंडाने ओळखत नव्हता, त्यांनीच त्याचं तोंड माखलं होतं.

मी त्याला पुन्हा बोलावून व्हिडिओ दाखवला. पण गडी मुरलेला होता. म्हणाला, हौस म्हणून दिला, गरीब बाया, पुण्य लागते. आणि गेल्या वर्षीचं या वर्षी काय? कायद्याच्या भाषेत त्याचं म्हणणं चूक नव्हतं. ज्या न्यायाधीशाला बोजारा माहीत नाही, त्याच्यासमोर तो नुसता एक नाच होता. मला माणसं हवी होती, आणि माणसं मूग गिळून बसली होती.

चालकाला मी समोर बसवून चहा दिला. ओरडून माणूस बोलतो यावर माझा विश्वास फारसा कधी नव्हता. व्हिडिओ त्यालाही दाखवला. व्हिडिओ संपल्यावर तो म्हणाला, "मी एकट्यानं सांगून काय होते साहेब? बाकीच्या नाई म्हनतील, मी खोटा पडन. मंग माही बायको या तालुक्यात कोन्या टोळीत जाईन?"

त्याच्या बायकोकडे गेलो. हात गळ्यात बांधलेला. ती म्हणाली, "बाकीच्या सांगत असतील तं मीबी सांगतो. आधी माहं नाव नोको." दुसऱ्या घरी गेलो, तिथेही तेच. तिसऱ्या घरी दार उघडलंच नाही. आत चूल पेटलेली होती, धूर कौलांतून बाहेर येत होता आणि माझ्यासमोर कडी लावलेली.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की ठेकेदाराने काय केलं होतं. त्याने गावाची सभा घेऊन दम दिला नव्हता. तो प्रत्येक घरी वेगळा गेला होता आणि प्रत्येकीला वेगळं सांगितलं होतं, की बाकीच्या माझ्या बाजूने आहेत, तू एकटीच बोललीस तर तुझं काय होईल ते बघ. म्हणून प्रत्येक बाई इतरांची वाट पाहत होती. पाण्यात राहून माशाशी वैर करायला एकटं कोण तयार होणार?

मला स्वतःचाच राग आला, कारण मीही तेच करत होतो. एकेका घरी जायचं, एकेकीला बाजूला घ्यायचं. आमचं शिक्षणच ते. आरोपींना वेगळं ठेवा, साक्षीदारांना वेगळं ठेवा, वेगळं केलं की माणूस बोलतो. चोर-दरोडेखोरांना ते लागू पडतं, कारण त्यांना एकमेकांवर भरवसा नसतो. या बायांची गोष्ट उलटी होती. एकमेकींखेरीज त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतंच.

त्याच आठवड्यात म्हातारी पुन्हा ठाण्यात आली. या वेळी ती खुर्चीवर बसली. मी तिला अडचण सांगितली. ती म्हणाली, "रोवणीत कोनती बाई पयली असते साहेब? पात एकदम सुरू होते, एकदम संपते. कोनी धुऱ्यावर आधी चढत नाई. एकीचा हात मागं पडला तं बाजूची तिची पात लावते. तुमी त्याइले एकेक करून बोलवून राह्यले. समद्याइले एका जागी बसवा." पात म्हणजे रोवणाऱ्या बायांची ओळ आणि धुरा म्हणजे बांध, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं.

"एकत्र बसवून जबाब घेता येत नाही, आजी," मी म्हणालो. "कोर्टात वकील म्हणेल, पोलिसांनी शिकवलं. प्रत्येकीचा जबाब वेगळाच लिहावा लागतो."

"मंग तुमचं तुमी पाहा," ती उठली. "बाया आनाचं काम माहं."

ती गेल्यावर हवालदार आणि मी बराच वेळ बोललो. त्याचं म्हणणं, सगळ्या एका जागी आल्या तर त्या बोलतील, पण जबाब टिकणार नाही. माझं म्हणणं, वेगळ्या घेतल्या तर टिकेल, पण त्या बोलणार नाहीत. शेवटी जे ठरलं ते अगदी साधं होतं. सगळ्यांचे जबाब एकाच वेळी सुरू करायचे. जितक्या बाया, तितके लिहिणारे. बाया एकमेकींना दिसल्या पाहिजेत, पण एकीचं दुसरीला ऐकू जाता कामा नये.

जिल्ह्याच्या साहेबांकडे मी महिला पोलीस मागितल्या. ते आधी म्हणाले, एका अपघातासाठी एवढ्या? मी म्हणालो, साहेब, हा अपघात नाही. त्यांनी होकार दिला. आसपासच्या ठाण्यांतून, मुख्यालयातून मुली आल्या. रविवार पाहून गावच्या शाळेचं मैदान घेतलं. दूर दूर टेबलं मांडली, एक झाडाखाली, एक व्हरांड्याच्या टोकाला, एक ध्वजाच्या ओट्यापाशी. पाऊस येईल म्हणून वर ताडपत्र्या बांधल्या. सगळं चित्रित करायला कॅमेरे लावले. एकीचं दुसरीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाजाची चाचणी हवालदाराने स्वतः केली, एका टेबलावर बसून गाणं म्हटलं आणि दुसऱ्या टेबलावर ऐकू येतं का ते पाहिलं. गाणं ऐकू आलं नाही, हे सगळ्यांच्याच भाग्याचं.

सकाळ गेली. कोणी आलं नाही. त्या पोलीस मुली रिकाम्या खुर्च्यांसमोर कागद धरून बसल्या होत्या. रस्त्याच्या पलीकडे पानठेल्यावर ठेकेदाराची दोन माणसं उभी होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मला मैदानातून दिसत होतं. माझ्या मनात आलं, आपलं हसं झालं आता.

मग गावाच्या टोकाकडून त्या येताना दिसल्या. म्हातारी काठी टेकत मध्ये होती, पुढे नव्हती. कोणीच पुढे नव्हतं. अख्ख्या रस्त्याची रुंदी धरून, खांद्याला खांदा लावून त्या चालत होत्या, रोवणीच्या पातीत उभ्या राहतात तशा. हात गळ्यात बांधलेली चालकाची बायको होती. एकीला दोघींनी आधार दिला होता. पानठेल्यावरची माणसं मोबाइल काढून कोणालातरी फोन लावायला लागली. एका बाईने त्यांच्याकडे पाहून पदर सावरला आणि तशीच चालत राहिली.

प्रत्येक बाई एकेका टेबलापाशी बसली. मी हात वर केला आणि जबाब सुरू झाले. दोन-तीन वेळा मी पाहिलं, बोलता बोलता एखादी बाई थांबायची, मान वळवून मैदानाकडे बघायची, दुसऱ्या टेबलांवरच्या बाया बोलताहेत हे दिसलं की पुन्हा सुरू व्हायची. म्हातारी शाळेच्या पायरीवर बसून सगळ्यांना दिसत राहिली. तिला काही विचारायचं नव्हतंच, ती गाडीत नव्हती. तरी ती शेवटपर्यंत हलली नाही.

संध्याकाळी मी सगळे जबाब वाचले. एकही दुसऱ्याशी शब्दाला शब्द जुळत नव्हता, आणि माझ्या जिवात जीव आला. एकीच्या मते ठेकेदार मोटरसायकलवर बसलेला होता, दुसरीच्या मते मोटरसायकलला टेकून उभा. एकीला त्याचा निळा शर्ट आठवत होता, एकीला शर्ट आठवतच नव्हता, पण तो खर्रा चघळत होता आणि थुंकला ते तिच्या पायाजवळ पडलं, हे पक्कं आठवत होतं. मुख्य गोष्ट मात्र सगळ्यांच्या जबाबात होती. अपघाताच्या दिवशी सकाळी बायांनी त्याला सांगितलं होतं की या गाडीचा ब्रेक लागत नाही, दुसरी गाडी आणा. तो म्हणाला होता, "ब्रेक लागत नाई तं हळू चालवल. बसा, नाई तं उद्यापासून येऊ नोका." आणि त्याला उत्तर त्या मयत सुनेने दिलं होतं. ती म्हणाली होती, "मेलो तं कोन पाहीन?" त्यावर तो हसला होता. हे हसणं एका जबाबात नव्हतं, बाकी सगळ्यांत होतं.

चालकाला मी जबाब दाखवले नाहीत. एवढंच सांगितलं की सगळ्या बोलल्या. तो रडला. मग त्यानेही सांगितलं, ब्रेकचं त्याने स्वतः ठेकेदाराला आधी कानावर घातलं होतं.

ठेकेदाराला अटक केली तेव्हा त्याने आरोप काय आहे हे विचारलं नाही, जामीन मिळेल का हेही विचारलं नाही. ठाण्याच्या पायऱ्या चढताना त्याने एकच प्रश्न विचारला, "पयलं कोन बोललं?"

"पहिलं कोणीच नाही," मी म्हणालो.

त्याला ते कळलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, मग हवालदाराला बाजूला घेऊन विचारलं, मग कोठडीतून पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारलं. त्याचा सगळा धंदा त्या एका उत्तरावर चालत होता. पहिली बाई कोण ते कळलं असतं, तर तिचं काम बंद करून बाकीच्यांना धडा शिकवता आला असता. सगळ्यांचं काम बंद करणं त्याला परवडणारं नव्हतं. धान कोणाच्या हातांनी लावायचं मग? स्वतःच्या?

दोषारोपपत्रात मी सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं आणि मयत बाई 'आरोपीच्या कामावरून परत येत असताना' मरण पावली असं स्पष्ट लिहिलं. म्हातारीला ठाण्यात बोलावून ते वाक्य वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बरं झालं," आणि पदराने डोळे पुसले. त्या घरातलं माणूस काही परत आलं नाही. ते मी विसरलेलो नाही, कोणी विसरू नये.

पुढच्या रोवणीला आसपासच्या गावांतल्या टोळ्यांनी एकत्र बसून ठरवलं. बसायला बाकं आणि धरायला कठडा असलेल्या गाडीशिवाय जायचं नाही, उभ्याने जायचं नाही, मजुरीचं बोलणं एकेकीने करायचं नाही, आणि कोणाची टोळी कुठे कामाला जाते ते ग्रामपंचायतीत सांगून जायचं. कामगार अधिकाऱ्यांना भेटायला त्या गेल्या तेव्हा दारात अडवलं तर काय म्हणायचं, एवढं मी त्यांना सांगितलं. बाकीचं त्यांनी केलं. एका सकाळी चौकात बंदोबस्त मागवला म्हणून मी गेलो, तर नवा ठेकेदार जुनी पिकअप घेऊन उभा आणि एका तरुण बाईला समजावत होता, "तू बस ना, तुले जास्त देतो." ती नुसती उभी राहिली. दुपारपर्यंत गाडी रिकामी होती. दुसऱ्या दिवशी बाकांची गाडी आली. माझ्या पोलिसांना तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक बाई मला म्हणाली, "साहेब, तुमी घरी जा. जेवाचं झालं असन."

निकाल काय लागला ते आत्ताच सांगून टाकतो. सत्र न्यायालयाने दोघांनाही दोषी धरलं. चालकाला कमी, ठेकेदाराला जास्त. अपील पुढे चालत राहिलं, ते त्याच्या गतीने चालो. मला सांगायचं आहे ते निकालाच्या आधीचं.

खटला उभा राहिला तेव्हा माझी बदली झालेली होती. तपास अधिकारी म्हणून साक्षीला गेलो तेव्हा मी धास्तावलेला होतो. मैदानावर बाया एकमेकींना दिसत होत्या. कोर्टात तसं नसतं. साक्षीदाराने एकट्याने पिंजऱ्यात उभं राहायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, आतलं काही ऐकायचं नाही. कायदा तोच, आणि तो बरोबरच आहे. पण चांगले चांगले साक्षीदार तिथे फितूर होताना मी पाहिलेले आहेत. शिवाय मधल्या काळात ठेकेदार जामिनावर होता आणि प्रत्येकीच्या घरावरून जाऊन आलेला होता.

माझी साक्ष संपली आणि मी मागच्या बाकावर बसलो. पुढे चालकाची बायको आली. तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी होती, कारण तिच्या समोर आरोपींच्या पिंजऱ्यात तिचा स्वतःचा नवरा उभा होता. सरकारी वकिलांनी विचारलं ते तिने सांगितलं. मग ठेकेदाराचे वकील उठले. त्यांनी विचारलं, नवऱ्याला वाचवण्यासाठी तुम्ही दुसऱ्याचं नाव घेताय ना?

"त्याले वाचवाचं असतं," ती म्हणाली, "तं गाडी त्यानंच चालवली, हे काऊन सांगतलं असतं?"

मग वकिलांनी ठेवणीतला प्रश्न काढला. गावात एवढ्या वजनदार माणसाविरुद्ध एकट्या बाईला बोलायची हिंमत कुठून आली? कोणी शिकवून पाठवलं?

"एकटी कुठी आली साहेब मी?" तिने दाराकडे बोट दाखवलं. "बाहेर समद्या बसून हायेत."

नोकरीभर मी माणसांना वेगळं करत आलो होतो. भीती माणसाला एकटं गाठते, हे मला माहीत होतं. पण एकट्या उभ्या असलेल्या माणसालाही एकटं गाठता येत नाही अशी वेळ असू शकते, हे मी त्या दिवशी शिकलो. त्यानंतरच्या माझ्या नोकरीत गरीब माणूस गप्प बसला की त्याला काही माहीत नाही असं मी कधी धरलं नाही. त्याच्या बाजूला कोणाला बसवायला हवं, एवढंच पाहत गेलो.

न्यायाधीशांनी तिला जायला सांगितलं आणि शिपायाने दारात जाऊन पुढच्या साक्षीदाराचं नाव पुकारलं. उघड्या दारातून मला व्हरांडा दिसत होता. पुकारा एकीच्या नावाचा होता. उठल्या सगळ्या.